हडपसर ते वसई : ६७ दिवसांचा हिशेब

१/ २५ ऑक्टोबर १८०२. दिवाळीचे दिवस. पुण्याच्या पूर्वेस हडपसरच्या माळावर मराठ्यांच्याच दोन फौजा समोरासमोर उभ्या ठाकल्या. एका बाजूस यशवंतराव होळकर, दुसऱ्या बाजूस पेशवे दुसरे बाजीराव आणि दौलतराव शिंदे यांचे एकत्रित सैन्य. दिवस मावळण्यापूर्वी निकाल लागला. होळकर जिंकले, पेशव्यांनी राजधानी सोडली आणि ६७ दिवसांनी, ३१ डिसेंबरला, वसई येथे इंग्रजांशी तह झाला.

२/ या ६७ दिवसांवर आजही हिरिरीने वाद होतात. एका पक्षाच्या मते बाजीरावांच्या भ्याडपणाने राज्य बुडाले. दुसऱ्याच्या मते होळकरांनी घरातच आग लावली, म्हणून पेशव्यांना परक्याच्या दारी जावे लागले. दोन्ही मते एकेका माणसावर ठपका ठेवून मोकळी होतात. यशवंतरावांची मोहीम मात्र याहून अवघड प्रश्न विचारते. यादवीत इतक्या झपाट्याने जिंकलेला सेनापती तो विजय राज्याच्या पदरात का टाकू शकला नाही?

३/ भांडणाचे मूळ होळकरांच्या वारसाहक्कात आहे. १७९७ मध्ये तुकोजी होळकर निवर्तले. काशीराव आणि मल्हारराव हे औरस पुत्र. विठोजी आणि यशवंतराव हे अनौरस. दौलतराव शिंद्यांनी काशीरावांची बाजू घेतली. त्याच वर्षी पुण्याजवळ मल्हाररावांच्या गोटावर छापा पडला आणि ते मारले गेले. त्यांचा वंशज, बालक खंडेराव, शिंद्यांच्या ताब्यात राहिला. यशवंतराव निसटून नागपूरला गेले. तेथे भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकले; तेथूनही ते निसटले.

४/ मार्च १८०० मध्ये नाना फडणवीस वारले. नानांच्या कारभाराबद्दल मतभेद असू शकतात. पण शिंदे, होळकर, भोसले आणि पेशवे यांच्यातील ओढाताण तुटेपर्यंत ताणली जाऊ नये, एवढी जरब आणि तेवढा अनुभव असलेला तो अखेरचा कारभारी होता. त्यानंतर पुण्यात सल्ला देणारे उरले, आवर घालणारे कोणी उरले नाही.

५/ एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकर पेशव्यांच्या हाती सापडले. बाजीरावांनी त्यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. बंडखोर सरदाराला कैदेत ठेवता आले असते, त्याच्या सुटकेवर तडजोड करता आली असती. बाजीरावांनी सूड निवडला. त्यांच्या वडिलांचे, रघुनाथरावांचे, वैर ज्या घराण्यांशी होते त्यांच्याकडे ते याच नजरेने पाहत आले होते. या एका शिक्षेने पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत मध्ये एक प्रेत आणून ठेवले.

६/ माळव्यात तोवर युद्ध पेटलेच होते. जुलै १८०१ मध्ये यशवंतरावांनी उज्जैनला हेसिंगच्या हाताखालील शिंद्यांच्या कवायती पलटणींचा धुव्वा उडवला. ऑक्टोबरमध्ये शिंद्यांनी उट्टे काढले. दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी इंदूरजवळ होळकरांचा पराभव केला आणि इंदूर शहर लुटले. यशवंतरावांच्या तोफा गेल्या, राजधानी गेली. बहुतेक सेनापतींची कारकीर्द अशा पराभवापाशी संपते.

७/ वर्षभरात हाच माणूस पुण्याच्या वेशीवर होता. राजपुतान्यातून खंडण्या गोळा करत त्यांनी फौज पुन्हा उभी केली आणि १८०२ मध्ये ते खानदेशात उतरले. येथे त्यांच्या रणनीतीचे मर्म दिसते. शिंद्यांचे मुख्य बळ माळव्यात होते आणि स्वतः दौलतरावही तिकडेच होते. माळव्यात पुन्हा झुंजण्याऐवजी, ज्या पेशव्यांच्या नावाने शिंदे कारभार हाकत होते, त्या पेशव्यांनाच गाठायचे, आणि तेही शिंद्यांची मोठी कुमक पोचण्याआधी.

८/ या मोहिमेला सरसकट ‘गनिमी कावा’ म्हणण्याची प्रथा आहे. ते अर्धेच खरे. होळकरांकडे पेंढारी आणि हलके घोडदळ होते, तशाच व्हिकर्स, हार्डिंग आणि आर्मस्ट्राँग या युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाताखालील कवायती पलटणीही होत्या. घोडदळाने मुलूख व्यापायचा, शत्रूला गोंधळात ठेवायचे आणि निर्णायक दिवशी पायदळ व तोफा एका जागी आणायच्या, असा हा मेळ होता. पायदळ आणि तोफा बरोबर घेऊन ही चाल राखणे स्वार उधळण्यापेक्षा कितीतरी कठीण होते.

९/ फत्तेसिंग माने आधीच पुढे घुसले होते. ऑक्टोबरच्या आरंभी त्यांनी बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेला पराभूत केले. दरम्यान शिंद्यांचे सरदार सदाशिवराव भास्कर पेशव्यांच्या मदतीस आले, आणि उत्तरेकडून येणारी आळे-बेल्ह्याची वाट अडवून ही संयुक्त फौज बसली. होळकर सरळ येतील, हा त्यामागचा हिशेब होता.

१०/ ते सरळ आलेच नाहीत. पूर्वेकडे वळून अहमदनगरच्या बाजूने ते खाली उतरले, जेजुरीला पोचले, तेथे मान्यांची फौज त्यांना मिळाली आणि राजेवाडीच्या खिंडीतून ते पुण्याच्या रोखाने आले. २३ ऑक्टोबरला त्यांचा तळ लोणीजवळ पडला. उत्तरेकडून येणारा शत्रू आग्नेयेस उभा राहिला. वाट अडवून बसलेल्यांना घाईघाईने मागे फिरून राजधानीच्या रक्षणासाठी धावावे लागले. लढाईपूर्वीच लढाईची जागा आणि वेळ होळकरांनी ठरवली होती.

११/ २५ तारखेला सकाळी तोफांचा भडिमार सुरू झाला. शिंद्यांच्या पलटणी चिवटपणे लढल्या. होळकरांच्या घोडदळाची एक फळी मागे हटली. अशा क्षणी यशवंतराव स्वतः स्वारांसह शत्रूवर तुटून पडले आणि पारडे फिरले. त्या दिवशी ते जखमी झाले, त्यांचा अधिकारी हार्डिंग ठार झाला, शिंद्यांच्या तोफा हाती आल्या. वैयक्तिक शौर्य आणि पूर्वतयारी या दोन्ही कसोट्यांवर हडपसर हा त्या काळातील उत्तम विजयांपैकी एक ठरतो.

१२/ आता त्याच दिवसाची दुसरी बाजू. विजयाची खात्री बाळगून बाजीराव वाड्यातून बाहेर पडले होते. तोफांचा आवाज वाढला तसे ते रणभूमीपासून दूर दक्षिणेकडे वळले, आणि पराभवाची वार्ता येताच सिंहगडावर गेले. मात्र जाण्यापूर्वी एक काम उरकले गेले. इंग्रज रेसिडेंट कर्नल बॅरी क्लोज याच्या हाती पेशव्यांच्या कारभाऱ्याने एक मसुदा दिला : सहा पलटणींची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी २५ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख.

१३/ ही नोंद बाजीरावांच्या बचावकर्त्यांना अडचणीची आहे. वसईचा तह भटकंतीला कंटाळलेल्या, सर्व वाटा संपलेल्या माणसाने नाइलाजाने केला, असे चित्र रंगवले जाते. प्रत्यक्षात त्याचा आराखडा लढाईच्याच दिवशी परक्याच्या हाती गेला होता. तैनाती फौजेचा आग्रह इंग्रज काही वर्षांपासून धरत होते. ते दार कुठे आहे, हे पेशव्यांना ठाऊक होते.

१४/ सिंहगडावरून रायगड, तेथून महाड. होळकरांच्या तुकड्या मागावर कोकणात उतरल्या. मग सुवर्णदुर्ग, आणि तेथून समुद्रमार्गे वसई. ज्या वसईच्या किल्ल्यासाठी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांशी झुंज दिली, त्याच वसईत चिमाजी अप्पांचे पुतणनातू कंपनीच्या आश्रयाला पोचले.

१५/ इकडे पुण्यात जेत्याची अवस्था विचित्र होती. यशवंतरावांनी आरंभी शहराच्या रक्षणासाठी चौक्या बसवल्या आणि पेशव्यांनी परत यावे, म्हणून निरोप पाठवले. राज्य बळकावणाऱ्याचे हे वर्तन नव्हे. बाजीराव येत नाहीत हे दिसल्यावर अमृतरावांना जुन्नरहून आणून त्यांचे पुत्र विनायकराव यांना गादीवर बसवण्याची खटपट सुरू झाली. म्हणजे पुणे घेतल्यावर पुण्याचे काय करायचे, याचा विचार पुणे घेतल्यानंतर होत होता.

१६/ त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे यशवंतरावांनी पेशव्यांशी समेट घडवण्यासाठी मध्यस्थी कोणाला मागितली? कर्नल क्लोजला. ज्याच्या खिशात तैनाती फौजेचा मसुदा होता, त्यालाच. क्लोजने अर्थातच गुंतणे टाळले आणि नोव्हेंबरअखेर तो मुंबईकडे निघून गेला. सबंध मराठी राज्यात दोन्ही पक्षांनी ज्याचा शब्द मानावा असा एकही माणूस उरला नव्हता, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

१७/ येथे चाळीस वर्षे मागे जाणे आवश्यक आहे. नोव्हेंबर १७६२, आळेगाव. यादवीच, घराणेही तेच. पुतणे माधवराव पेशवे एका बाजूस, निजाम आणि नागपूरकर भोसले यांचे साहाय्य घेतलेले काका रघुनाथराव दुसऱ्या बाजूस. माधवरावांचा पराभव झाला. त्यांचे वय जेमतेम सतरा. पळून जाण्याचा मार्ग त्यांनाही होता.

१८/ माधवराव पळाले नाहीत. ते स्वतः रघुनाथरावांच्या गोटात गेले आणि काकांच्या स्वाधीन झाले. भांडण लांबले तर फायदा निजामाचा होईल, हे त्या मुलाला कळले होते. या माघारीने घराण्याचा मान काही काळ खाली गेला, पण राज्य दुभंगले नाही. नऊ महिन्यांनी, ऑगस्ट १७६३ मध्ये, काका-पुतण्यांनी मिळून राक्षसभुवनला निजामाचा पराभव केला.

१९/ १८०२ मध्ये पराभूत झालेले बाजीराव हे त्याच रघुनाथरावांचे पुत्र. ते होळकरांच्या गोटात का गेले नाहीत? स्वभाव हे एक उत्तर आहे, पुरेसे नाही. माधवराव काकांच्या गोटात गेले तेव्हा पेशव्यांच्या घरात घरच्याच माणसांचे रक्त सांडलेले नव्हते. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि ती मर्यादा मोडली. पाठोपाठ १७७५ मध्ये रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, सुरतेचा तह झाला. विठोजींच्या वधानंतर तर त्यांच्या भावाच्या गोटात पाऊल टाकण्याची हिंमत बाजीरावांना होणे शक्य नव्हते. त्यांनी स्वतःच तो रस्ता बंद केला होता.

२०/ आता वेगाचा प्रश्न. शत्रूला सावरू न देणे हे रणांगणावर गुण ठरते. परक्या शत्रूशी लढताना त्याला पूर्णपणे मोडणे, हेच उद्दिष्ट असू शकते. यादवीत पराभूत पक्षाबरोबरच उद्या राज्य चालवायचे असते. त्याला परत फिरायला वाट हवी, आणि ती सुरक्षित आहे असे सांगणारा भरवशाचा माणूस हवा. जेजुरीहून लोणीपर्यंतच्या कूचीत यशवंतरावांनी सगळ्या लष्करी शक्यता मोजल्या होत्या. पेशवे हाती लागले नाहीत तर पुढे काय, ही एक शक्यता मात्र मोजली गेली नाही.

२१/ यावर रास्त आक्षेप असा की यशवंतरावांच्या मागण्या माफक होत्या : खंडेरावांची सुटका आणि होळकरांच्या दौलतीला न्याय. त्या मागण्या पुण्याने आणि शिंद्यांनी धुडकावल्या. हे खरे आहे, आणि म्हणूनच यादवीच्या आरंभाचा दोष बाजीराव आणि दौलतराव यांच्याकडे अधिक जातो. पण आरंभाचा दोष कोणाचा हा एक प्रश्न. शेवट कोणाला करता आला असता हा वेगळा. हडपसरनंतर काही आठवडे शेवट करण्याची ताकद एकट्या होळकरांकडे होती.

२२/ त्यांना थांबता का आले नाही, याचे एक कारण खजिन्यात आहे. इंदूर लुटले गेल्यावर या फौजेला नियमित उत्पन्न देणारा मुलूख उरला नव्हता. पगार, दाणा, वैरण हे सारे पुढच्या परगण्यातील खंडणीवर चाले. अशी फौज धावते तोवर जगते आणि थांबली की उपाशी पडते. वेग हे यशवंतरावांचे कौशल्य होते, तशीच ती त्यांची निकडही होती. पुण्यात मुक्काम लांबला तसा चौक्या बसवणारा हातच सावकार आणि रहिवाशांकडून पैसा उपसू लागला. मार्च १८०३ मध्ये त्यांनी पुणे सोडले.

२३/ वसईच्या तहाने पेशव्यांना किमान ६ हजार सैनिकांची कायमची तैनाती फौज मिळाली आणि त्यांच्याकडून सुमारे २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख गेला. परराज्याशी वाटाघाटी करण्यापूर्वी कंपनीशी मसलत करणे बंधनकारक झाले. निजाम आणि गायकवाड यांच्यावरील जुन्या दाव्यांत कंपनी पंच झाली. ज्या घरात आपला पंच सापडत नव्हता, तेथे बाहेरचा पंच असा येऊन बसला.

२४/ आणि वेगही आता दुसऱ्या बाजूला गेला. आर्थर वेलस्ली म्हैसूरकडून निघाला तो बैल, बंजारे आणि धान्याची व्यवस्था लावून. पुण्याला आग लावली जाईल अशी आवई उठताच त्याने घोडदळासह शेवटचे सुमारे ६० मैल ३२ तासांत कापले आणि २० एप्रिल १८०३ रोजी तो शहरात आला. वाटेत गावे लुटण्याची वेळ या फौजेवर आली नाही. तिचा पगार आणि रसद मागून येत होती. १३ मे रोजी बाजीराव याच संगिनींच्या छायेत पुन्हा गादीवर बसले.

२५/ पुढचे वर्ष सर्वांना ठाऊक आहे, तरी त्याचा क्रम नीट पाहावा. ऑगस्ट ते डिसेंबर १८०३ या काळात शिंदे आणि भोसले असई, लासवाडी, आडगाव येथे हरले. होळकर अलिप्त राहिले. १८०४ मध्ये होळकर इंग्रजांशी लढले. तेव्हा शिंदे आणि भोसले तह करून बसले होते. हडपसरला एकमेकांचे सैनिक मारणाऱ्या फौजा कंपनीसमोर एकेकट्या गेल्या. परस्परांवर विश्वास ठेवायला दोघांपाशीही कारण उरले नव्हते.

२६/ यशवंतरावांनी त्या एकाकी युद्धातही अद्भुत पराक्रम केला. मॉन्सनच्या फौजेची मुकुंदवाड्यापासून आग्र्यापर्यंत त्यांनी दैना उडवली. पण १७ नोव्हेंबर १८०४ च्या पहाटे फर्रुखाबादजवळ लेकच्या घोडदळाने त्यांच्या बेसावध तळावर झडप घातली. अखेरच्या २४ तासांत ते घोडदळ सुमारे ७० मैल चालून आले होते. ज्या शस्त्राने होळकरांनी पुणे घेतले, तेच त्यांच्यावर उलटले. डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटचा तह झाला.

२७/ तेव्हा निवाडा काय? तहावर शिक्का बाजीरावांचा. त्याची जबाबदारी अन्य कोणावर ढकलता येत नाही. खंडेरावांना अडकवून ठेवणारे दौलतराव त्यात भागीदार. यशवंतराव या तिघांत सर्वांत समर्थ आणि सर्वाधिक अन्याय सोसलेले. तरीही त्यांची मोहीम आदर्श म्हणून मिरवताना अर्धी कहाणी सांगितली जाते. ती मोहीम राजधानीपर्यंत पोचण्याची होती. तिला तहापर्यंत पोचण्याचा मार्ग नव्हता, आणि हा अभाव एका माणसाचा नसून १७७३ पासून झिजत गेलेल्या सबंध व्यवस्थेचा होता.

२८/ तरुण अभ्यासक हडपसरच्या मोहिमेचे नकाशे हौसेने काढतात : खानदेश, अहमदनगर, जेजुरी, राजेवाडी, लोणी. ते अवश्य काढावेत. फक्त त्याच कागदावर दुसऱ्या शाईने आणखी एक रेघ ओढावी : पुणे, सिंहगड, रायगड, महाड, सुवर्णदुर्ग, वसई. पहिली रेघ पुण्यात येऊन संपते; दुसरी त्याच दिवशी, तेथूनच सुरू होते. दोन्ही रेघा मिळूनच ही मोहीम पुरी होते.